कोवळं काँक्रीट तपासणारी तीन यंत्रं: खानदेशच्या हवेत कोणतं कामाचं

सेंट्रिंग (ओल्या काँक्रीटला आधार देणाऱ्या तात्पुरत्या प्लेटा आणि टेकू) लवकर खोलायची असेल आणि एकाच यंत्रापुरते पैसे असतील, तर काँक्रीटच्या पोटातलं तापमान नोंदवणारं मॅच्युरिटी यंत्र घ्या. कॉलम, पाण्याच्या टाकीच्या भिंती किंवा प्रीकास्टचं काम नियमित असेल, तर दुसरी खरेदी अल्ट्रासोनिक यंत्राची. साइटवर सगळ्यांत जास्त दिसणारा रिबाउंड हातोडा (ठोका मारून उसळी मोजणारा) पहिल्या तीन-चार दिवसांसाठी घेऊच नये. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कामांवर पहिल्या सात दिवसांत या तिघांचा उपयोग किती आणि ती फसतात कुठे, याचं हे परीक्षण आहे. अठ्ठावीस दिवसांनंतरच्या तपासणीत हिशेब वेगळा असतो, तो इथे घेतलेला नाही.

आधी हवेचं बघू. मे महिन्यात भुसावळ-जळगाव पट्ट्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि जानेवारीच्या पहाटे धुळ्याकडे १० अंशांखाली उतरतो. दोन्ही ऋतूंत मिस्त्रीच्या तोंडी मात्र एकच हिशेब असतो: 'सात दिवस झाले, खोला.' काँक्रीटकामाचं भारतीय मानक आयएस ४५६:२०००, त्यातल्या मुदती तशा स्पष्ट आहेत. कॉलम-भिंतींच्या उभ्या प्लेटा १६ ते २४ तासांनी, साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवसांनी. बीमचे टेकू ६ मीटरपर्यंत १४ दिवसांनी आणि पुढे २१ दिवसांनी. पण त्याच कलमात लिहिलेली अट कुणी वाचत नाही. या मुदती साध्या, काही न मिसळलेल्या ओपीसी सिमेंटसाठी आहेत, हवा १५ अंशांखाली जात नसेल तेव्हाच्या आहेत आणि पाणी नीट मारलं असेल तरच्या आहेत. आपल्याकडे घरबांधणीत बहुतेक पीपीसी (फ्लाय ॲश, म्हणजे कोळशाची राख, मिसळलेलं सिमेंट) वापरलं जातं आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री १५ च्या खालीच असतात. म्हणजे हिवाळ्यातल्या स्लॅबला तो तक्ता जसाच्या तसा लागू पडत नाही. मूळ कसोटी त्याच कलमाच्या सुरुवातीला आहे: फर्मा काढताना काँक्रीटवर जो ताण येणार, त्याच्या किमान दुप्पट ताकद त्यात आलेली असावी. ताकद आली का, हे दिवस मोजून कळत नाही. ते कळावं म्हणून ही यंत्रं.

तापमानाचा फरक केवढा पडतो, ते एका आकड्यात सांगता येतं. आपल्याकडे क्यूब, म्हणजे फोडून ताकद बघायचे काँक्रीटचे ठोकळे, २७ अंशांच्या पाण्यात ठेवतात, तेव्हा तेच प्रमाण धरू. ताप आणि वेळ यांवरून काँक्रीट किती पिकलं ते मोजणाऱ्या, म्हणजे मॅच्युरिटीच्या, अऱ्हेनियस सूत्रात ओपीसीसाठी नेहमीचा ५००० केल्विनचा स्थिरांक टाकला, तर ४० अंशांवरचा एक तास २७ अंशांवरच्या दोन तासांबरोबर येतो आणि १५ अंशांवरचा एक तास अर्ध्या तासाबरोबर. त्याच मिक्सचा, त्याच जाडीचा स्लॅब. पण मे आणि जानेवारी यांत चौपट अंतर.

मॅच्युरिटी यंत्र

यंत्र म्हणजे एक तापमानाची तार, नोंदी साठवणारी डबी आणि हिशेबाचं सूत्र. बाजारात तीन प्रकार मिळतात. पहिला थर्मोकपल तार (दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा सांधा तापमान दाखवतो) आणि बाहेर ठेवायची डबी. दुसरा डिजिटल चिपची तार आणि साधा रेकॉर्डर. महाविद्यालयातली मुलं डीएस१८बी२० ही चिप वापरून असा संच स्वतः जुळवतात, आणि तिची अचूकता उणे १० ते ८५ अंशांपर्यंत अर्ध्या अंशाची असल्याने कामाला पुरते. तिसरा प्रकार पूर्ण गाडून टाकायचा, मोबाइलवर ब्लूटूथने वाचायचा.

ठेकेदारासाठी आमची पसंती पहिल्याला आहे. तार स्वस्त, तुटली तर दुसरी टाकता येते, डबी वर्षानुवर्षं चालते. गाडायचा सेन्सर सोयीचा खरा, बाहेर लोंबणारी तार नाही, चोरीची भीती नाही. पण प्रत्येक ओतणीत तो कायमचा जातो आणि खोल बसला तर सिग्नल वर येत नाही. तो घ्यायचाच तर असा घ्या की डबी वरच्या सळईला, पृष्ठभागाजवळ बांधता येईल आणि मोजणारं टोक वेगळ्या केबलने खाली सोडता येईल. ओतण्याआधी तो सुरू करायला विसरलात, तर नंतर काही करता येत नाही. कोणत्याही प्रकारात बॅटरीवर चालणारी डबीच बघा. विजेवर चालणारा रेकॉर्डर भारनियमनात बंद पडला, तर पहिल्या रात्रीच्याच नोंदी जातात आणि खऱ्या महत्त्वाच्या त्याच असतात.

थर्मोकपलची तार टी प्रकारची, म्हणजे तांबं आणि कॉन्स्टंटनची घ्यावी. टोकाला १० मिमी वेष्टण सोलून दोन्ही तारा पिळायच्या, डाग द्यायचा आणि वर इपॉक्सी लावून सांधा बंद करायचा. इथे चार चुका ठरलेल्या असतात. तार कमी पडली म्हणून मध्येच साधी तांब्याची वायर जोडली, की त्या जोडाचं तापमान हिशेबात घुसतं. तो जोड उन्हात असेल तर आकडा काही अंशांनी सरकतो. धन-ऋण टोकं उलटी लागली, तर काँक्रीट तापत असताना यंत्र ते थंड होत असल्याचं दाखवतं. व्हायब्रेटरच्या सुईने वेष्टण चेपलं आणि दोन्ही तारा तिथे टेकल्या, तर तिथेच नवा सांधा तयार होतो. मग यंत्र स्लॅबच्या पोटातलं तापमान दाखवतंय असं आपण समजतो आणि प्रत्यक्षात ते कडेच्या प्लेटेजवळचं असतं. ही चूक सगळ्यांत फसवी, कारण आकडे अगदी खरे वाटतात. चौथी चूक म्हणजे उघडं टोक सळईलाच टेकवून बांधणं. बाहेर उन्हात उभी असलेली लांब सळई उष्णता आत नेते आणि सेन्सर काँक्रीटऐवजी लोखंडाचं तापमान मोजतो. तार सळईला बांधा, पण टोक मोकळं ठेवा.

नवीन संच आला की तपासणी घरच्या घरी होते. बर्फ फोडून पाण्यात कालवा, सगळ्या तारा एकत्र बुडवा. शून्याच्या आसपास एका अंशात सगळ्या आल्या पाहिजेत. उकळत्या पाण्यात वरचं टोक तपासताना ध्यानात ठेवा की जळगाव समुद्रसपाटीपासून साधारण २०० मीटर उंच आहे, तिथे पाणी ९९.३ अंशांच्या आसपास उकळतं. १०० दाखवलं नाही म्हणून यंत्र परत पाठवू नका.

सेन्सर कुठे बसवायचे, यावर निम्मा निकाल ठरतो. एका स्लॅबला किमान तीन: एक मधल्या गाळ्यात, जाडीच्या मध्यावर, एक कोपऱ्यात, कडेपासून ५० मिमी आत, आणि एक शेवटच्या गाडीचं काँक्रीट जिथे पडलं तिथे. शेवटची गाडी संध्याकाळी रिकामी होते, तिच्या वाट्याला ऊन येत नाही. निर्णय सरासरीवर घ्यायचा नाही. तिघांत जो सगळ्यांत मागे असेल, त्याच्यावर घ्यायचा. नोंद पहिल्या ४८ तासांत दर अर्ध्या तासाला, पुढे तासाला एक पुरते.

आता ज्याला बहुतेक जण फाटा देतात ते काम: मिक्सची स्वतःची रेषा काढणं. मॅच्युरिटी यंत्राला ताकद कळत नाही, त्याला फक्त ताप आणि वेळ कळतो. ताप-वेळ आणि ताकद यांची सांगड त्या-त्या मिक्ससाठी एकदा घालून द्यावी लागते. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या सी १०७४ मधली पद्धत आपल्या क्यूबवर बसवली, तर १५० मिमीचे १७ क्यूब लागतात. दोनांच्या मध्यभागी सेन्सर गाडायचे आणि ते फोडायचे नाहीत. उरलेले पंधरा १, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी तीन-तीन करून फोडायचे. खानदेशातल्या उन्हाळ्यासाठी आणखी तीन क्यूब ओता आणि १८ तासांना फोडा, कारण मे महिन्यात उभ्या प्लेटा खोलायचा निर्णय त्याच सुमारास होतो. सगळे क्यूब २७ अंशांच्या, दोन अंश इकडे-तिकडे, पाण्यात. मॅच्युरिटी लॉगरिदमच्या अक्षावर आणि ताकद उभ्या अक्षावर घेतली, की मधल्या भागात जवळजवळ सरळ रेष मिळते. सिव्हिल शाखा असलेल्या बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत क्यूब फोडायचं यंत्र असतं. १८ तासांचा क्यूब रात्री फोडायची वेळ येऊ नये म्हणून ओतायची वेळ फोडायच्या वेळेपासून उलट मोजून ठरवा.

ही रेषा दुसऱ्या मिक्सला चालत नाही. सिमेंटचा ब्रँड बदलला, पीपीसीऐवजी ओपीसी आलं, फ्लाय ॲशचं प्रमाण हललं, सेटिंग लांबवणारं केमिकल घातलं, की रेषा नवी. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्रामुळे या भागात फ्लाय ॲश जवळच मिळते आणि रेडीमिक्सवाले तिचं प्रमाण ऋतूप्रमाणे कमी-जास्त करतात. त्यात गैर काही नाही, पण उन्हाळ्याची रेषा हिवाळ्याच्या मिक्सला लावू नका.

यंत्रात कोणतं सूत्र निवडता, हेही तितकंच महत्त्वाचं, आणि विक्रेता बहुधा हे सांगत नाही. नर्स-सॉल हे सोपं सूत्र: तापमानातून आधार-तापमान (ज्याच्या खाली काँक्रीट पिकत नाही असं धरतात ते) वजा करायचं आणि तासांनी गुणायचं. बऱ्याच यंत्रांत आधार उणे १० अंश भरून येतो. समजा उन्हाळ्यातल्या स्लॅबचं पहिल्या दिवसाचं सरासरी तापमान ४२ अंश आहे. ४२ अधिक १० गुणिले २४, म्हणजे १२४८ अंश-तास. हिवाळ्यात तोच स्लॅब सरासरी १८ अंशांवर असेल, तर त्याला १२४८ गाठायला साधारण ४५ तास लागतात. अऱ्हेनियसने तेच मोजलं तर हिवाळी स्लॅबला लागतात ८९ तास. दोन सूत्रांत जवळजवळ दोन दिवसांचा फरक, आणि तोही धोक्याच्या बाजूला. हिवाळ्यात उणे १० चं नर्स-सॉल घाईचा सल्ला देतं. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी अऱ्हेनियस वापरा, किंवा निदान आधार शून्य अंश ठेवा. ५००० चा स्थिरांक ओपीसीचा आहे. स्लॅगचं (लोखंडाच्या भट्टीतल्या मळीचं) किंवा जास्त फ्लाय ॲशचं मिक्स असेल तर मॉर्टरचे छोटे क्यूब तीन तापमानांत ठेवून तो नव्याने काढावा लागतो. हे महाविद्यालयाकडून करून घेण्याजोगं काम आहे.

हिवाळ्याबद्दल एवढं ठासून लिहिण्याला कारण आहे. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या विलो आयलंडला २७ एप्रिल १९७८ रोजी बांधकाम चालू असलेला कूलिंग टॉवर वरून कोसळला आणि ५१ कामगार गेले. वरचा मचाण आदल्या दिवशी ओतलेल्या काँक्रीटला अडकवलेला होता, रात्र थंड होती आणि भार घेण्याइतकी ताकद त्या काँक्रीटमध्ये आलेली नव्हती. त्या चौकशीनंतर मॅच्युरिटी पद्धतीकडे गांभीर्याने पाहिलं गेलं आणि १९८७ मध्ये तिचं एएसटीएम मानक निघालं. तिथला थंडावा आपल्याकडच्या जानेवारीच्या पहाटेपेक्षा फार वेगळा नव्हता.

उन्हाळ्यातली फसवणूक निराळी, आणि खानदेशात तीच जास्त घडते. काँक्रीट गरम आहे, मॅच्युरिटी भराभर वाढतेय, पडद्यावर ताकद ७० टक्क्यांवर गेली. पण स्लॅबवर पाणीच नाही. सिमेंटची प्रक्रिया पाण्याशिवाय थांबते, ताप मात्र उन्हाचा असतो. यंत्राला दोन्ही सारखेच. वरचा २०-३० मिमीचा थर कोरडा पडून कच्चा राहिला, तरी जाडीच्या मध्यावरचा सेन्सर चांगलीच बातमी देतो. म्हणून हे यंत्र वापरताना ओलं बारदान आणि त्यावर प्लास्टिक ही अट आहे. कोरड्या-गरम हवेत किमान १० दिवस पाणी आणि फ्लाय ॲशचं सिमेंट असेल तर १४ दिवस, हे आयएस ४५६ चं सांगणं आहे. पहिल्या तीन तासांची काळजी तर त्याहून वेगळी: दुपारची लू वाहत असताना पृष्ठभागावरून तासाला चौरस मीटरमागे १ किलोपेक्षा जास्त पाणी उडू लागलं की कोवळ्या स्लॅबवर भेगा पडतात. त्या वेळी मॅच्युरिटीचा आकडा बघत बसण्यापेक्षा प्लास्टिक अंथरणं महत्त्वाचं. ओतताना काँक्रीट ४० अंशांपेक्षा गरम नसावं, हा आयएस ७८६१ चा दंडक पाळायचा तर मेमध्ये ओतणी पहाटे किंवा रात्रीच करावी लागते आणि सकाळपासून उन्हात तापलेल्या लोखंडी प्लेटांवर आधी पाणी मारावं लागतं.

पाण्याचीच दुसरी गोष्ट. गाडी साइटवर आली, काँक्रीट घट्ट वाटलं, ड्रायव्हरने ड्रममध्ये पाणी सोडलं. घनमीटरला ३४० किलो सिमेंट आणि पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ धरलं, तर १० लिटर जादा पाण्याने ते ०.४८ होतं. ताकद घसरते, तापमान जवळजवळ तेच राहतं. मॅच्युरिटी यंत्राला हे कधीच कळणार नाही. या एका कारणासाठी खोलण्याआधी दुसरा पुरावा लागतो: साइटवरच, स्लॅबशेजारी, त्याच बारदानाखाली ठेवलेले तीन क्यूब, किंवा पुलआउट चाचणी. पुलआउटमध्ये २५ मिमीची चकती २५ मिमी खोल गाडून ५५ मिमीच्या कड्याला टेकवून ओढतात. काँक्रीट थोडं फुटतं, पण ताकद थेट मोजली जाते. मोठ्या पुलांच्या कामावर ते परवडतं, बंगल्याच्या स्लॅबवर क्यूबच बरे.

उन्हाळ्याचा आणखी एक पदर. सुरुवातीला फार तापलेलं काँक्रीट लवकर ताकद धरतं, पण २८ दिवसांना तेच मिक्स थंड ठेवलेल्या क्यूबच्या मागे पडतं. त्यामुळे मॅच्युरिटीची रेषा वापरून मे महिन्यातल्या स्लॅबची २८ दिवसांची ताकद सांगू नका. तिचा उपयोग पहिल्या सात दिवसांपुरता.

जाड कामात, म्हणजे राफ्ट (इमारतीखालचा जाड सलग पाया), पाइल कॅप (जमिनीतल्या खुंटांवरचा जाड ठोकळा), पुलाचे खांब यांत, हेच यंत्र दुसऱ्या कारणासाठी पैसे वसूल करून देतं. घनमीटरमागे १०० किलो सिमेंटला पोटातलं तापमान साधारण १० ते १२ अंश चढतं. ४०० किलो ओपीसीचं काँक्रीट ३५ अंशांना ओतलं, तर मध्यभागी ७५ ते ८३ अंश होऊ शकतात. ७० च्या वर गेलेल्या काँक्रीटला पुढे काही वर्षांनी आतून फुगण्याचा धोका राहतो. शिवाय मध्य आणि पृष्ठभाग यांत २० अंशांपेक्षा जास्त फरक पडला की भेगा पडतात. म्हणून इथे चार सेन्सर: गाभ्यात, वरच्या पृष्ठभागाखाली ५० मिमीवर, तळाशी, आणि एक सावलीतल्या हवेत. फरक १५ अंशांवर गेला की पृष्ठभाग झाकायचा. गार पाणी ओतून 'थंड' करायचा नाही. तापलेल्या राफ्टवर बोअरचं थंड पाणी सोडलं, तर पृष्ठभाग आकसतो आणि गाभा तसाच राहतो. हिवाळ्यात संध्याकाळी प्लेटा काढण्याचाही परिणाम तोच. काढायच्या तर दुपारी काढा.

अल्ट्रासोनिक यंत्र

दोन ट्रान्सड्यूसर, एकातून ध्वनीचा ठोका सोडायचा, दुसऱ्याने पकडायचा आणि मधल्या अंतराला वेळेने भागायचं. साइटवरचे संच बहुधा ५४ किलोहर्ट्झचे असतात. याचा मोठा गुण हा की ते खऱ्या काँक्रीटमधून जातं. पाणी जादा पडलं, हवा राहिली, पोकळी राहिली, तर वेग घसरतो. मॅच्युरिटी यंत्राचं आंधळेपण ते बऱ्याच अंशी भरून काढतं.

ओल्या काँक्रीटमध्ये वेग फार कमी असतो, पाण्यातल्या १५०० मीटर प्रति सेकंदाहूनही कमी, कारण बारीक हवेचे बुडबुडे ठोका खातात. सेटिंग सुरू झालं की सिमेंटचे कण एकमेकांना धरतात आणि वेगाची रेष एकदम उभी चढते. एक-दोन दिवसांत ती सपाट होऊ लागते. ताकद मात्र पुढेही वाढत राहते. म्हणजे हे यंत्र पहिल्या दिवशी फार बोलकं आणि आठवड्यानंतर ताकदीबाबत जवळजवळ गप्प असतं. जर्मनीतल्या श्टुटगार्ट विद्यापीठात राइनहार्ट आणि ग्रोसे यांनी ओतल्या क्षणापासून ही रेष नोंदवण्यासाठी 'फ्रेशकॉन' हा संच केला; दोन ॲक्रिलिक पाट्यांमध्ये फोमचा साचा, त्यात काँक्रीट. प्रयोगशाळेला तशी मांडणी जमते. साध्या साइटच्या संचाला मात्र पहिल्या काही तासांत ठोकाच सापडत नाही, आणि सापडला तर बहुधा लोखंडी साच्यातून वळसा घालून आलेला असतो. पोलादात ध्वनीचा वेग सेकंदाला ५.९ किलोमीटर आहे. कोवळ्या काँक्रीटवर ४ किलोमीटरपेक्षा जास्त वेग दिसला, तर आधी साच्यावर शंका घ्या.

वापरायचं कुठे? कॉलमवर. २३० मिमी रुंद कॉलमच्या समोरासमोरच्या बाजू उघड्या मिळतात. प्लाय असेल तर ट्रान्सड्यूसर बसेल एवढ्या दोन गोल खिडक्या आधीच कापून ठेवा, ओतताना बंद करा. ग्रीस भरपूर लावा. ग्रीसखाली हवा राहिली की वेळ उगाच वाढते. २३० मिमीला ६५ मायक्रोसेकंद आले, तर वेग ३.५४ किमी प्रति सेकंद. अंतर मोजताना ५ मिमीची चूक झाली, तर आकडा ३.६२ होतो. काम सुरू करण्यापूर्वी सोबतच्या पट्टीवर छापलेल्या वेळेशी यंत्र जुळवून घ्या आणि संपल्यावर पुन्हा बघा. उन्हात तापलेली केबल आणि ढिला पिन यांची गडबड इथेच सापडते. सळई ठोक्याच्या दिशेला समांतर असेल ती जागा टाळा.

स्लॅबवर हे यंत्र जमत नाही. खालून सेंट्रिंग असते, आणि वरच्या एकाच पृष्ठभागावर दोन्ही ट्रान्सड्यूसर ठेवून मिळणारा आकडा वरच्या थराचाच असतो. ज्यांचं सगळं काम स्लॅबचं आहे, त्यांनी हे विकत घेऊ नये. गरजेला भाड्याने आणावं.

आयएस १३३११ च्या पहिल्या भागातला जुना तक्ता, ४.५ किमी प्रति सेकंदाच्या वर उत्तम, ३.५ ते ४.५ चांगलं, ३ ते ३.५ मध्यम, ३ च्या खाली संशयास्पद, हा कडक झालेल्या काँक्रीटचा आहे. २०१८ पासून त्याची जागा आयएस ५१६ च्या पाचव्या भागाने घेतली. दोन दिवसांच्या कॉलमला ३.२ आले म्हणून तो 'मध्यम' ठरवू नका. काल किती होतं आणि आज किती चढलं, ते बघा. आपल्या काळ्या बसाल्टच्या खडीत वेग जास्त येतो, त्यामुळे दुसऱ्या खडीवर काढलेला वेग-ताकदीचा आलेख इथे लावणं चूक आहे. त्याच सतरा क्यूबवर, फोडण्याआधी, वेगही मोजून ठेवला तर दोन्ही रेषा एका खर्चात मिळतात.

रिबाउंड हातोडा

याबद्दल थोडक्यात. स्विस अभियंता अर्न्स्ट श्मिट याच्या नावाने ओळखला जाणारा एन प्रकारचा हातोडा २.२५ न्यूटन-मीटरचा ठोका देतो. जुन्या आयएस १३३११ च्या दुसऱ्या भागानेच ताकदीच्या अंदाजात २५ टक्क्यांपर्यंत चूक धरली आहे. कोवळ्या काँक्रीटवर तर तो ठोक्याच्या जागी खळगा पाडतो, आणि खळगा पडला की उसळीला अर्थ राहत नाही. ओला पृष्ठभाग आकडा खाली आणतो, म्हणजे पाणी मारणाऱ्यालाच शिक्षा. उलट उन्हात वाळलेला, थापीने घोटलेला पृष्ठभाग आकडा वर नेतो. स्लॅबच्या खालून वर मारलं की उसळ वेगळी येते आणि त्याची दुरुस्ती करायला लोक विसरतात. हातोड्याच्या आकड्यावर सेंट्रिंग खोलू नका. सात दिवसांनंतर कोणता कॉलम बाकीच्यांपेक्षा हलका आहे, हे शोधायला तो चांगला: एका जागी सहा ठोके, कडेपासून किमान २० मिमी आत, एकाच ठिपक्यावर दोनदा नाही, आधी घासदगडाने पृष्ठभाग साफ, आणि कामाआधी पोलादी ऐरणीवर तपासणी.

चाचणी करून घ्यायची असेल तर

यंत्र न घेता प्रयोगशाळेला बोलावणं लहान ठेकेदाराला परवडतं. ठरवताना चार गोष्टी लेखी मागा. तुमच्या मिक्सचीच रेषा वापरणार का. सूत्र आणि आधार-तापमान कोणतं. सेन्सरच्या जागा नकाशावर दाखवणार का. आणि अहवालासोबत दर अर्ध्या तासाच्या कच्च्या नोंदी देणार का. नुसतं 'ताकद ७२ टक्के' असं एका ओळीचं प्रमाणपत्र घेऊ नका. कच्च्या नोंदींत पहाटेची घसरण दिसली पाहिजे. चोवीस तासांची रेष सपाट असेल, तर सेन्सर काँक्रीटमध्ये नव्हता.

टक्केवारी किती झाल्यावर खोलायचं, हे डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरने लिहून द्यावं. साध्या निवासी स्लॅबला ७० टक्के धरण्याची पद्धत आहे, म्हणजे एम २५ ला (२८ दिवसांना २५ न्यूटन प्रति चौरस मिमी ताकदीच्या काँक्रीटला) १७.५ न्यूटन प्रति चौरस मिमी. पण वर लगेच दुसऱ्या मजल्याचे टेकू उभे राहणार असतील तर हिशेब बदलतो, कारण ओल्या स्लॅबचं वजन याच कोवळ्या स्लॅबवर येतं. खोलतानाही सगळं एकदम नको: प्लेटा काढून मधल्या गाळ्यातले टेकू लगेच परत लावा.

खरेदीचा क्रम आमच्या मते असा. रेडीमिक्स प्लांटने चार चॅनलच्या दोन डब्या आणि टी प्रकारच्या तारेचं एक भेंडोळं घ्यावं. प्रत्येक मिक्सची रेषा ग्राहकाला देणं ही त्याची जबाबदारी समजावी. महाविद्यालयाने डिजिटल चिपचा संच मुलांकडून जुळवून घ्यावा आणि पैसे अल्ट्रासोनिक यंत्रासाठी राखावे. एकट्या ठेकेदाराला चार चॅनलची एक डबी पुरे. ती घेताना झाकणाला रबरी सील आहे का ते बघा, कारण पाणी मारणाऱ्याचा पाइप तिच्यावर येणारच. आणि मेमध्ये ती उघड्या स्लॅबवर ठेवू नका, जिन्याच्या सावलीत टांगा. सुट्या बॅटऱ्या साइटच्या पेटीत ठेवा.